मशिदीच्या विहिरीचं पाणी

गद्दू बेट, हुवदू अटोल
सफर महिना (तुझ्या कोलंबोच्या बोलीत ऑगस्ट १९२६)

बेबे, सलाम.

थोरल्या भावाला बेबे म्हणणारं कुणीतरी या जगात आहे, याची तुला आठवण राहावी म्हणून लिहिते आहे. कोलंबोच्या वखारीत आपल्याकडच्या सुक्या माशांच्या ढिगावर बसून तू आता शेठ झाला असशील. इथे तू अजून नारळावरून पडून दात पाडून घेणारा इद्रीसच आहेस.

चटई झाली एकदाची. सुलतानांचा जो नजराणा दरसाल तिकडच्या गव्हर्नरसाहेबांना जातो, त्यात यंदा माझ्या हातची चटई आहे. फियोरीच्या पाणथळीतून लव्हाळी आणली, सोलली, रंगवली आणि वर्षभर मागावर वाकून कंबर मोडून घेतली. साहेब ती अंथरतील की भिंतीला टांगतील, अल्ला जाणे. कोपऱ्यात एक पिवळी काडी मी मुद्दाम उलटी घातली आहे. दरबाराला ती कळायची नाही. तुला कळली तर तू माझा भाऊ.

एरवी चटया मालेला जातात आणि तिथून राजदूताच्या जहाजाने पुढे. यंदा उशीर झाला म्हणून थेट कोलंबोला पोचवा, असा हुकूम आला. उद्या मूसा तांडेलाचं गलबत त्या घेऊन निघतंय आणि त्यावर माझा दाऊदही आहे. मेहुण्याला पोटभर जेवायला घाल. हे पत्र मात्र मी त्याच्याकडे देत नाही, गेल्या खेपेला त्याने माझं पत्र भिजवून लगदा करून तुझ्या हातावर ठेवलं होतं. तिनदू बेटाला जाणारी होडी आत्ता निघते आहे, पत्र तिकडच्या गलबताने येईल.

गलबतावरच्या घड्यात मशिदीच्या विहिरीचं पाणी मी स्वतः भरलं. रीत विसरला नसशील. परमुलखात राहणाऱ्या गाववाल्याने ते ओठांना लावायचं, डोळ्यांना लावायचं, पण गिळायचं नाही. गिळलं की माणूस त्या गलबताचा झाला आणि गलबत सुटताना त्याला चढावंच लागतं. खरं सांगू? तू गिळच. आईची नजर आता पुरती गेली. दाराशी कुणाचंही पाऊल वाजलं की आधी तुझं नाव घेते, मग माझं. एकदा तिच्यासमोर येऊन बस. तुझ्या बायकोने मला हव्या तेवढ्या शिव्या द्याव्यात, मी ऐकून घेईन.

तुझी
हव्वा


कोलंबो
९ सप्टेंबर १९२६

प्रिय हव्वास,

तुझ्या पत्राच्या आधी तुझा नवरा पोचला. म्हणजे त्याच्याकडे पत्र दिलं असतंस तरी चाललं असतं. पण तुझा संशय रास्त होता, कारण तो आला तोच ओलाचिंब.

आधी चटईचं सांगतो. नजराणा मिरवणुकीला काढण्याआधी झाडूनपुसून ठेवायला राजदूताच्या माणसांनी मला बोलावलं होतं, हुवदूचा माणूस म्हणून. तुझी काडी मी पहिल्या नजरेत ओळखली. एवढी बारीक वीण मी उभ्या जन्मात पाहिली नाही, आणि भाऊ म्हणून सांगत नाही. फक्त ती वाळेना. दोन दिवस उन्हात टाकली तरी कडेने पाणी ठिबकतच राहिलं. शेवटी तशीच लाल कापडात गुंडाळली. पुढे बँड, मागे आपली माणसं आणि दोन्ही बाजूंना कोलंबोची बघी मंडळी, अशी वाजतगाजत ती साहेबांच्या वाड्यात गेली. वाटेत रस्त्यावर थेंबांची रेघ उमटत होती. ऊन तर असं होतं की डांबर पायाला चिकटत होतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी दाऊदला जेवायला बोलावलं. माझ्या मेनिकेने पाट्यावर खोबऱ्याचा सांबोल वाटला. आपला मासा कुटून घातल्याशिवाय या सिंहली लोकांच्या घशाखाली घास उतरत नाही हे तुला माहीतच आहे. दाऊदने ताटाला हात लावला, भात गोळा केला, पसरला, पुन्हा गोळा केला. एक शीतही तोंडात गेलं असेल तर शपथ. तू त्याला एवढं बडबड्या म्हणतेस, इथे तो विचारल्याशिवाय बोलत नव्हता. सगळं गलबतच तसं आहे. मूसा तांडेलाने माशाच्या भावावरून घासाघीससुद्धा केली नाही. आमच्या वखारीतला सगळ्यात जुना माणूस म्हणाला, हुवदूवाले गप्प बसलेले मी आज पहिल्यांदा पाहतोय.

दाऊद बसला होता ती जागा दुसऱ्या दुपारपर्यंत ओली राहिली. मेनिके म्हणते, तिथे ओहोटीच्या वेळी उघड्या पडलेल्या खडकांचा वास येत होता. पोरगी रणा एरवी कुणाच्याही मांडीवर चढते, ती कपाटामागून बाहेरच आली नाही.

आता खरी बातमी. गलबतावर गेल्यावर मी घड्याशी गेलो. दाऊदने करवंटी भरून दिली. ओठांना लावली, आणि काय झालं कोण जाणे, गटागटा पिऊन टाकली. अकरा वर्षांची तहान असेल. पाणी खारट लागलं, घडा कुठेतरी झिरपत असावा. पण रीत ती रीत. तुझं पत्र मागाहून वाचलं तेव्हा मी एकटाच हसत बसलो. तुझ्या मनासारखं झालं. डिसेंबरात वारा फिरला की मी मूसा तांडेलाबरोबर येतो. आईला सांग.

तुझा
बेबे


गद्दू
ऑक्टोबर १९२६

बेबे,

तुझं पत्र मालेवरून फिरत आलं. मी आत होते. खतीबसाहेबांच्या मुलीने ते ओसरीवर बसून आईला मोठ्याने वाचून दाखवलं. तू येणार ऐकून आई हसली. मी बाहेर येऊन पत्र स्वतः वाचलं आणि लगेच हे लिहायला घेतलं.

आता जे लिहिते ते नीट वाच. मूसा तांडेलाचं गलबत कोलंबोला पोचलेलं नाही. ते आपल्या खाडीच्या तोंडाशी, ज्या दिवशी निघालं त्याच दिवशी, खडकावर बसून फुटलं. आम्ही सगळ्या बायका अजून किनाऱ्यावरच उभ्या होतो. तिनदूच्या गलबताने त्याच दुपारी बेटांच्या कड्याच्या दुसऱ्या टोकाने अटोल सोडलं, त्यांना काही कळलं नाही. दुसऱ्या दिवशी मूसा तांडेल, त्याचा भाऊ आणि दाऊद लाटांबरोबर परत आले. दाऊदच्या डोळ्यांतली वाळू मी माझ्या हाताने पुसली. तो मशिदीमागे फणसाच्या झाडाखाली आहे. बाकीचे आलेच नाहीत, चटयाही नाहीत. मी विधवेच्या इद्दतीत आहे, चार महिने दहा दिवस घराबाहेर पडत नाही.

मग तुझ्या घरी कोण जेवून गेलं?

मला वेड लागलेलं नाही. तू लिहिलंस की तो भात गोळा करतो आणि पसरतो. मनात काही असलं की दाऊद तसंच करायचा, हे तुला ठाऊक असायचं कारण नाही. तुम्ही दोघं कधी एका ताटाला बसलाच नव्हतात. म्हणून मला पटलं की तोच होता.

मंत्रतंत्र करणाऱ्या म्हाताऱ्याला मी पडद्याआडून विचारलं. त्याने आधी फुटलेल्या गलबताचं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, राजाचा नजराणा हाती घेऊन निघालेले लोक मध्येच थांबत नाहीत, तो पोचवून परतभेट घेऊन येईपर्यंत त्यांची सुटका नाही. त्याचं मला काही वाटत नाही, जाऊ देत बिचारे. पण तू त्यांचं पाणी गिळलंस. तो म्हणाला, गिळलेलं उलटत नाही. फक्त गलबत सुटेल तेव्हा तुझं पाऊल त्यावर नसलं, तर कदाचित ते तसंच निघून जाईल.

थट्टेत लिहिलं होतं रे मी. तू ये, पण त्या गलबताने येऊ नकोस. तिनदूच्या गलबताने ये. आई रोज विचारते, वारा फिरला का. तिला काय सांगू?

हव्वा


कोलंबो
२ डिसेंबर १९२६

प्रिय हव्वास,

तुझं पत्र मालेच्या बोहऱ्याच्या आगबोटीने आलं. आणणाऱ्याला विचारलं, गद्दूची काही खबर आहे का. त्याला गद्दू कुठे आहे तेच माहीत नव्हतं.

रागावू नकोस. तू एकटी पडली आहेस, कुणाचं तरी प्रेत किनाऱ्याला लागलं असेल आणि मन कुठल्या कुठे गेलं असेल. खाऱ्या पाण्यातून आलेला चेहरा ओळखता येतो का? तुझा नवरा मला रोज धक्क्यावर दिसतो. तेही मी त्याला तोंडावर विचारलं. म्हटलं, हव्वा म्हणते तुला पुरलं. वाटलं, हसेल नाहीतर चिडेल. तो म्हणाला, "हो, फणसाखाली. सावली चांगली आहे." एवढं बोलून दोरखंड गुंडाळायला लागला. तुझा नवरा असली थट्टा करतो हे तू कधी लिहिलं नव्हतंस.

हे लिहून झाल्यावर मी पुन्हा वाचलं. फणसाचं तू मला लिहिलं होतंस. मी त्याला ते सांगितलं होतं का, ते आता आठवत नाही. सांगितलंच असेल.

साहेबांकडची परतभेट गलबतावर चढली. दालचिनीचे भारे, लवंगा, सुपारी, सुलतानांसाठी तलम कापडाचे तागे. मूसा तांडेल प्रत्येक गाठोड्यावर हात ठेवून उभा होता. कामाला माणूस पक्का.

एक गोष्ट मेनिकेला सांगितलेली नाही, तुला सांगतो. मला तहान लागते. इथल्या विहिरीचं पाणी घागरभर प्यायलो तरी भागत नाही, ते पाणी असं लागतच नाही. मग मी गलबतावर जातो आणि करवंटीभर पितो. आता ते मला खारट लागत नाही.

तरी तुझ्या शब्दाबाहेर जात नाही. माझी पेटी तिनदूच्या गलबतावर चढवली आहे, जागाही बोलून ठेवली आहे. दोन्ही गलबतं एकाच सकाळी सुटतील. आईला सांग, वारा फिरला.

तुझा
इद्रीस


कोलंबो
८ जानेवारी १९२७

हव्वा बहिणीस,

मी पोडिमेनिके, तुझ्या भावाची बायको. तुमचं लिहिणं मला येत नाही. मी सांगते आहे आणि वखारीतला तुमच्याकडचा माणूस लिहून घेतो आहे. तुझं पत्रही त्यानेच मला वाचून दाखवलं, तुझा भाऊ गेल्यावर. आधी कळलं असतं तर मी त्याला खाटेला बांधून ठेवलं असतं.

तो तिनदूच्या गलबताने निघाला होता. मी आणि रणा पोचवायला गेलो होतो. सकाळची वेळ, धक्क्यावर ही गर्दी, हमाल ओरडत होते, मासळीवाल्या भांडत होत्या. दोन्ही गलबतं शेजारी लागलेली. तिनदूच्या लोकांनी त्याला हात देऊन चढवलं, तो वर उभा राहून आमच्याकडे बघत होता. त्याचे ओठ फुटले होते, आदल्या रात्रीपासून त्याने पाण्याला तोंड लावलं नव्हतं. मला वाटलं, प्रवासाच्या काळजीने. आता कळतं, तो हट्टाने राहिला होता.

तेवढ्यात शेजारच्या गलबतावरून दाऊदने करवंटी पुढे धरली. नुसता हात लांब करून उभा राहिला. माझा नवरा मला म्हणाला, "एक घोट घेतो आणि येतो."

मी सिंहली बाई, तुमच्या रीती मला माहीत नाहीत. मी म्हटलं, जा, पी. मीच म्हटलं.

त्याने कठडा ओलांडला. त्याचे दोन्ही पाय पलीकडे टेकले आणि गलबत धक्क्यापासून सुटलं. दोर कुणी सोडला ते मी पाहिलं नाही. शीडही कुणी ओढलं नाही. त्याने करवंटी तोंडाला लावलेली होती, ती खाली केली नाही. पितच राहिला, दिसेनासा होईपर्यंत. तिनदूचे लोक हाका मारत होते. रणा रडली नाही. घरी येताना तिने मला विचारलं, आई, त्या माणसांच्या सावल्या कुठे होत्या?

मी विहारात दिवे लावले, तुमच्या लोकांच्या मशिदीतही नवस बोलले, जिथे कुणी काही सांगेल ते केलं. आता एवढंच विचारते. त्याची पेटी तुमच्याकडे आली असेल. तो पोचला का?

मेनिके


गद्दू
मार्च १९२७

मेनिके वहिनींस,

सलाम. तुमचं पत्र वाचून मी तुमच्यासाठी रडले. तुम्ही स्वतःला दोष देऊ नका. "गिळच" असं आधी मी लिहिलं होतं.

तुम्ही विचारलंत, म्हणून सांगते. तो पोचला.

पेटी आधी आली, तिनदूच्या लोकांनी आणून दिली. त्यांनी सगळं सांगितलं तेव्हा मी आईला काही बोलले नाही. माझी इद्दत संपली होती, मी दारात माग मांडून बसले होते. भर दुपार होती, ओहोटी लागलेली, खडक पार टोकापर्यंत उघडे पडले होते. समुद्रावर गलबत म्हणून नव्हतं. तो खडकांवरून चालत आला. कोरड्या वाळूवर त्याची पावलं ओली उमटत होती. मागे, कुंपणाशी, दाऊद उभा होता.

आई झोपाळ्यावर होती. मी हाक मारायच्या आत म्हणाली, "इद्रीस आला." अकरा वर्षांत ती प्रत्येक पावलाला हेच म्हणत आली होती, आणि नेमकं या वेळी ते खरं ठरलं. तो तिच्यापुढे बसला. तिने त्याचा चेहरा चाचपला, कानामागचा लहानपणचा व्रण शोधून काढला. म्हणाली, "किती गार पडलास रे. तिकडे ऊन नसतं का?"

मी काय करणार होते? मी भात वाढला, माशाचं सार वाढलं. आईच्या तोंडावर जे होतं ते तुम्ही पाहिलं असतंत, तर तुम्हीही वाढलं असतं. तो तिच्याशी बोलला, वहिनी. तुमच्याविषयी बोलला. रणाचं नाव त्याने आईला सांगितलं, तिचे पुढचे दात पडलेत हेही. ताटातलं शीत मात्र हललं नाही.

दाऊद आत आला नाही. त्याने कुंपणावरून करवंटी माझ्यापुढे धरली. खोटं बोलत नाही, मला तहान लागली. अशी तहान की जीभ टाळूला चिकटली. मी मागाचा खांब दोन्ही हातांनी धरला आणि त्याच्याकडे बघत राहिले. माझा नवरा होता तो. मी त्याला पाहून घेतलं.

मी तिकडे बघत होते म्हणून इकडे उशीर झाला. आई म्हणाली, "इद्रीस, घसा कोरडा पडला बघ. तुझ्या हातचं पाणी दे." मी ओरडले. घरातला तांब्या घेऊन धावले. तोवर त्याच्या ओंजळीतलं पाणी तिने पिऊन संपवलं होतं. तोंड पुसून म्हणाली, "गोड आहे."

मग ती उठली. काठी घेतली नाही. त्याचा हात धरून, ठेच न लागता, त्या खडकांवरून चालत गेली, आणि दाऊद त्यांच्या मागून. मी हे या डोळ्यांनी पाहिलं. वळून पाहिलं तर आई झोपाळ्यावरच होती, मान कलली होती. संध्याकाळच्या आत आम्ही तिला दाऊदच्या शेजारी पुरलं. बेबेचं शरीर कुठल्याच किनाऱ्याला लागलेलं नाही.

चार दिवसांनी अटोलचा सरदार लवाजम्यासह आला. परतभेट मालेला पोचली म्हणे, दालचिनी, लवंगा, कापड, एकही गाठोडं कमी नाही. वाड्याच्या धक्क्यावर कुणीतरी रचून ठेवलं होतं. कापड ओलं आहे एवढीच तक्रार. दरबार खूश आहे. मूसा तांडेलाला पागोटं बहाल झालं, ते घ्यायला त्याची बायको गेली आणि घेऊन परत आली. आमचा खतीब पुढे होऊन सांगू लागला की तांडेल तर ऑगस्टातच मेला. सरदार म्हणाला, नजराणा पोचला, परतभेट आली, मग कोण मेलं आणि कोण जगलं हे दरबाराला कशाला सांगायचं. यंदाचा नजराणाही त्यांच्याच गलबताने जाईल, असा हुकूम आहे. सुटका होणार होती त्यांची, तीही गेली. चटई मलाच विणायला सांगितली आहे. मी विणते आहे.

म्हणून हे पत्र आगबोटीने घाईने पाठवते. पुढच्या ऑगस्टात ते गलबत तुमच्या धक्क्याला लागेल. बेबे तुमच्या दाराशी येईल. भर दुपारीच येईल. दार लावून घ्या असं मी सांगू शकत नाही, मलाही ते जमलं नाही. घरात घ्या. ताट वाढा. त्याच्याजवळ बसा, मनात असेल ते बोलून घ्या, त्याला सगळं कळतं. तो पुढे करील ते पाणी तुम्ही घेणार नाही, एवढा माझा तुमच्यावर विश्वास आहे.

पण रणा लहान आहे. या वेळी ती कपाटामागे लपायची नाही, तिचा बाप आहे तो. तो यायच्या आधी तिला पोटभर पाणी पाजून ठेवा.

तुमची
हव्वा